कलम ६६-ए म्हणजे काय? पोस्ट, लाइक, फॉरवर्ड आणि कायद्याची हद्द

नोव्हेंबर २०१२. १७ तारखेला बाळासाहेब ठाकरे गेले, दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले आणि मुंबई व आसपासचा सगळा भाग बंद होता. पालघरमधल्या (तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता) एका २१ वर्षांच्या मुलीने फेसबुकवर पोस्ट टाकली. साधारण अर्थ असा की रोज माणसं मरतात, तरी जग चालू राहतं, मग एका माणसासाठी सगळं बंद कशाला? तिच्या एका मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. झालं एवढंच. त्यानंतर मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली आणि पोलिसांनी अटक कोणाला केली, तर त्या दोघी मुलींना.

त्यांच्यावर लावलेल्या कलमांत एक होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, म्हणजे आयटी अ‍ॅक्टचं कलम ६६-ए. आज हे कलम अस्तित्वात नाही. पण ते कसं आलं आणि कसं गेलं हे कळलं, की आपण फोनवर काय लिहू शकतो आणि कुठे अडकू शकतो हे बरंच स्पष्ट होतं. म्हणून सुरुवात तिथूनच करूया.

कलम ६६-ए मध्ये होतं तरी काय?

आयटी अ‍ॅक्ट मूळचा २००० सालचा. २००८ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. ६६-ए या दुरुस्तीतूनच आलं. कॉम्प्युटर किंवा मोबाइलवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा ‘धमकीवजा’ मजकूर पाठवला, खोटी माहिती मुद्दाम पाठवून कुणाला ‘त्रास’ दिला, ‘गैरसोय’ केली, ‘अपमान’ केला, तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दंड. शिवाय गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत होते.

आता हे शब्द परत वाचा. गैरसोय म्हणजे नेमकं काय? कोणाला झालेली? रात्री दोन वाजता गुड मॉर्निंगचा फोटो पाठवणारे मामासुद्धा गैरसोयच करतात की! कायद्यात या शब्दांची व्याख्या कुठेच नव्हती. ‘धमकी’ची व्याख्या भारतीय दंड संहितेत होती, ‘बदनामी’ची होती, पण ‘वैताग आणणे’ याची कुठून असणार?

त्यामुळे हे कलम कोणाच्या हातात आहे यावर सगळं ठरायचं. एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातले प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना अटक झाली, कारण त्यांनी ममता बॅनर्जींवरचं एक व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवलं होतं. त्यांची या प्रकरणातून पूर्ण सुटका व्हायला जानेवारी २०२३ उजाडलं. एका फॉरवर्डसाठी जवळपास अकरा वर्षं. सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना अटक झाली, तेव्हा त्यांच्यावर राजद्रोहासोबत ६६-ए पण लावलं होतं. एकीकडे तृणमूलवरचं चित्र, दुसरीकडे संसदेवरचं चित्र, तिसरीकडे मुंबई बंदवरची पोस्ट. पक्ष वेगळे, राज्यं वेगळी, कलम तेच.

पालघरच्या प्रकरणावर देशभर इतकी टीका झाली की दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि मुलींविरुद्धचा खटला पुढे बंद झाला. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने राज्यांना सांगितलं की वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ६६-ए खाली अटक करू नका. पण ही फक्त सूचना होती. कलम तसंच होतं.

२४ मार्च २०१५ ला काय झालं?

पालघरची बातमी वाचून दिल्लीतल्या श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यासोबत आणखीही याचिका होत्या, पण खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने २४ मार्च २०१५ ला ६६-ए पूर्णपणे रद्द केलं.

निकाल लांबलचक आहे, पण त्यातली एक मांडणी प्रत्येक सोशल मीडिया वापरणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. न्यायालयाने बोलण्याचे तीन टप्पे केले. पहिला चर्चा, म्हणजे एखाद्या विषयावर मत मांडणं. दुसरा समर्थन, म्हणजे एखाद्या बाजूचा जोरदार प्रचार करणं. तिसरा चिथावणी, म्हणजे लोकांना गुन्हा करायला उठवणं. पहिले दोन टप्पे राज्यघटनेने सांभाळलेले आहेत, ते मत कितीही नावडतं असलं तरी. सरकारला मधे पडता येतं ते तिसऱ्या टप्प्यावर. ६६-ए हा फरकच करत नव्हतं. चर्चा, टोमणा, विनोद आणि चिथावणी, सगळं एकाच पोत्यात.

दुसरा मुद्दा अस्पष्टतेचा. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ आणि ‘धमकीवजा’ असे शब्द ब्रिटनच्या कायद्यातही आहेत, म्हणून न्यायालयाने तिथले खटले पाहिले. त्यातला एक असा: जानेवारी २०१० मध्ये बर्फामुळे विमानतळ बंद पडला म्हणून चिडलेल्या एका तरुणाने ट्विटरवर गमतीत लिहिलं की आठवडाभरात नीट झालं नाही तर विमानतळ उडवून देईन. त्याला शिक्षा झाली, आणि २०१२ मध्ये वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे कायद्याचं शिक्षण घेतलेल्या न्यायाधीशांनाच एका वाक्याचे दोन अर्थ लागत असतील, तर ठाण्यातल्या हवालदाराने काय करायचं आणि पोस्ट टाकणाऱ्याने काय ओळखायचं?

सरकारी वकिलांनी सांगून पाहिलं की आम्ही या कलमाचा गैरवापर होऊ देणार नाही. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. सरकारं येतात आणि जातात, कलम मात्र पुस्तकात राहतं, आजच्या सरकारचं आश्वासन उद्याच्या सरकारवर बंधनकारक नाही, असा त्याचा सारांश. मला विचाराल तर अख्ख्या निकालातलं हे सगळ्यात व्यवहारी वाक्य आहे.

रद्द झालेलं कलम तरी वापरात?

हो, आणि एकदा-दोनदा नाही. २०१५ नंतरही वेगवेगळ्या राज्यांत पोलीस ६६-ए खाली गुन्हे नोंदवत राहिले. पीयूसीएल ही संस्था हे घेऊन पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने धक्का बसल्याचं बोलून दाखवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट आदेश निघाला: ६६-ए खाली कोणावरही खटला चालवता येणार नाही, आणि चालू प्रकरणांतून हे कलम काढून टाका.

असं का होतं? एक साधं कारण म्हणजे कायद्याच्या छापील पुस्तकात कलम तसंच राहतं, खाली बारीक अक्षरात तळटीप येते की हे रद्द झालंय. तळटीप कोण वाचतो! तेव्हा एखाद्या कागदावर ६६-ए दिसलं तर ते चालत नाही हे तुम्हाला माहीत असायला हवं.

मग आता काहीही लिहिता येतं का?

नाही. इथे बऱ्याच मुलांचा गैरसमज होतो.

राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) ने प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलंय. लगेच पुढे १९(२) मध्ये त्याच्या मर्यादाही आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षा, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. या आठ कारणांसाठी ‘वाजवी’ निर्बंध घालता येतात. ही यादी पूर्ण आहे. ‘माझ्या भावना दुखावल्या’ किंवा ‘साहेबांना आवडलं नाही’ हे त्यात नाही. गंमत म्हणजे ‘वाजवी’ हा शब्द १९५० च्या मूळ मजकुरात नव्हता. तो १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आला, आणि त्याच दुरुस्तीत सार्वजनिक सुव्यवस्था हे नवं कारणही आलं. म्हणजे एका हाताने दिलं, एका हाताने घेतलं.

प्रत्यक्षात अडचण येते ती साध्या फौजदारी कायद्यांतून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात दोन गटांत शत्रुत्व वाढवणं (कलम १९६), धार्मिक भावना मुद्दाम आणि द्वेषाने दुखावणं (२९९), अफवा पसरवणं (३५३), बदनामी (३५६) हे गुन्हे आहेत. जुन्या राजद्रोहाच्या कलमाला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये थांबवलं होतं. नव्या संहितेत तो शब्द नाही, पण देशाची एकात्मता धोक्यात आणण्याचं कलम १५२ आहे, आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

बदनामीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘पण मी खरं तेच लिहिलं’ हा बचाव पुरेसा नाही. फौजदारी बदनामीत ते खरं असलं पाहिजे आणि सार्वजनिक हिताचंही असलं पाहिजे. हॉटेलच्या अन्नात झुरळ सापडलं, फोटो आहे, बिल आहे, रिव्ह्यू टाकला, यात लोकांचं हित दिसतं. एक्सच्या घरातली भांडणं स्टेटसला टाकली, तर ती खरी असली तरी हित कुठलं? आणि बदनामीसाठी हजारो फॉलोअर लागत नाहीत. पाच जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला मजकूरही तिसऱ्या माणसापर्यंत पोचलेलाच असतो.

मजकूर वाचायचा कोणाच्या नजरेने, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटलं होतं की शब्दांचा परिणाम समंजस, कणखर माणसाच्या मोजपट्टीने मोजायचा, ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो अशा घाबरट माणसाच्या नाही. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या सोशल मीडियावरच्या कवितेबद्दलचा गुजरातमधला एफआयआर सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा हीच मोजपट्टी परत वापरली. त्याच निकालात पोलिसांना सांगितलं की बोलण्या-लिहिण्याबद्दलच्या अशा तक्रारींत, जिथे शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे, तिथे एफआयआर करण्याआधी प्राथमिक चौकशी करणं योग्य.

हे सगळं कागदावर छान आहे. पण त्यानंतर दोनच महिन्यांनी पुण्यातल्या एका १९ वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीला ऑपरेशन सिंदूरबद्दलची एक इन्स्टाग्राम पोस्ट रिपोस्ट केल्यावरून अटक झाली. तिने पोस्ट काढून माफीही मागितली होती. मुंबई उच्च न्यायालयाने कडक शब्दांत सरकारला सुनावलं आणि तिला जामिनावर सोडलं. कोर्टात जिंकणं आणि कोर्टापर्यंत जावंच न लागणं यात किती अंतर आहे, ते अशा वेळी कळतं.

लाइक, फॉरवर्ड आणि ग्रुप अ‍ॅडमिन

हे तिन्ही वेगळे आहेत आणि कायदाही त्यांच्याकडे वेगवेगळं बघतो.

लाइक सगळ्यात सुरक्षित. अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये म्हटलं की एखादी पोस्ट लाइक करणं म्हणजे ती ‘प्रकाशित’ किंवा ‘प्रसारित’ करणं नाही, त्यामुळे आयटी अ‍ॅक्टचं कलम ६७ तिथे लागत नाही. पालघरच्या मैत्रिणीला हे तेरा वर्षं आधी ऐकायला मिळायला हवं होतं.

शेअर, रिपोस्ट, फॉरवर्ड हे प्रसारणच आहे. ‘मी फक्त पुढे पाठवलं, लिहिलं नाही’ हे कायद्यात आपोआप चालत नाही. तमिळनाडूतले एक अभिनेते व माजी आमदार यांनी महिला पत्रकारांबद्दलची एक घाणेरडी पोस्ट २०१८ मध्ये फेसबुकवर शेअर केली. न वाचता शेअर झाली, नंतर काढली, माफीही मागितली, असं त्यांचं म्हणणं. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने प्रकरण रद्द करायला नकार दिला, सर्वोच्च न्यायालयानेही दिला. फॉरवर्ड करताना वर ‘फॉरवर्डेड अ‍ॅज रिसिव्हड’ लिहिलं की आपण सुटलो असं बरेच काका-काकू समजतात. ते मंत्रासारखं काम करत नाही.

आणि अ‍ॅडमिन? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात हे छान समजावलंय. ग्रुपवर एका सदस्याने एका महिलेबद्दल अश्लील भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, माफी मागायला लावलं नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा झाला. न्यायालयाने पाहिलं की अ‍ॅपमध्ये अ‍ॅडमिनकडे अधिकार किती आहेत: माणसं घेणं आणि काढणं. मेसेज जायच्या आधी तो तपासण्याचं किंवा अडवण्याचं बटन त्याच्याकडे नाही. मग दोघांचा आधीपासून ठरलेला कट असल्याशिवाय दुसऱ्याच्या मेसेजसाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. तंत्रज्ञान नीट समजून दिलेला निकाल क्वचित वाचायला मिळतो, हा त्यातला एक. मात्र त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय दिलीय. मेसेज आधी अडवता येत नाही हे अजूनही खरं, पण समोर घाण दिसत असताना ती तशीच ठेवण्याचं कारण आता उरलेलं नाही.

पोस्ट कोणी उडवली, सरकारने की कंपनीने?

घटनेने दिलेला हक्क मुळात सरकारसमोर उभं राहण्यासाठी आहे. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबने त्यांच्या नियमांनुसार रील काढली तर ते त्यांचे नियम, जे अकाउंट काढताना आपण न वाचता ‘अ‍ॅग्री’ केलेले असतात. तिथे आधी अ‍ॅपमधूनच अपील करायचं. मग २०२१ च्या आयटी नियमांनुसार प्रत्येक कंपनीला नेमावा लागणारा तक्रार अधिकारी असतो. त्याचाही निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. ही सोय फार कमी जणांना माहीत आहे.

‘भारतात उपलब्ध नाही’ असं दिसलं तर बहुतेक वेळा मामला सरकारी आदेशाचा असतो. कलम ६९-ए खाली केंद्र सरकार वेबसाइट, अ‍ॅप किंवा अकाउंट बंद करायला सांगू शकतं. जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ अ‍ॅप याच कलमाने गेली. श्रेया सिंघल निकालात ६६-ए गेलं, ६९-ए मात्र टिकलं, कारण त्यात ठरलेली कारणं, समिती आणि लेखी आदेश अशी प्रक्रिया आहे. अडचण ही की ही प्रक्रिया गोपनीय असते, आणि ज्याची पोस्ट गेली त्यालाच कारण कळत नाही. अलीकडे कलम ७९ आणि ‘सहयोग’ पोर्टल वापरूनही कंपन्यांना मजकूर काढायला सांगितलं जातं. त्याविरुद्धची एक्सची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

उलटी बाजूही घडलीय. सरकारच्या कामाबद्दलची कुठली ऑनलाइन माहिती खोटी, हे सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटने ठरवायचं असा नियम २०२३ मध्ये आला. कॉमेडियन कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत एक-एक असं मत पडलं, मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरवला.

त्रास तुम्हालाच होत असेल तर

अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या नावाखाली तुम्हाला कोणी छळत असेल, तर ६६-ए गेलं म्हणून तुम्ही उघडे पडलेले नाही. तुमच्या नावाने फेक अकाउंट काढून फसवलं तर ६६-सी आणि ६६-डी, परवानगीशिवाय खासगी फोटो काढले किंवा पसरवले तर ६६-ई, अश्लील मजकुरासाठी ६७ आणि ६७-ए, लहान मुलांबद्दल असेल तर ६७-बी. ऑनलाइन पाठलागासाठी न्याय संहितेचं कलम ७८. ही सगळी कलमं जिवंत आहेत.

खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ हे मोफत टूल वापरा. फोटो कुठेही अपलोड होत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे हॅश तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांकडे जातो. तसा फोटो कोणी टाकायला गेलं की तो ओळखून अडवला जातो. हे १८ वर्षांवरील लोकांसाठी आहे. फोटो १८ वर्षांच्या आतला असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची तशीच सेवा आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. त्याआधी स्क्रीनशॉट घ्या, प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. नुसता डीपीचा स्क्रीनशॉट उपयोगाचा नाही, युजरनेम आणि तारीख दिसली पाहिजे.

पोलिसांकडून फोन आला तर

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत थेट अटक हा नियम नाही. आधी चौकशीला हजर राहण्याची नोटीस द्यायची असते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली. आणि ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार तर कायद्यातच नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी घालून बसलेला माणूस तुमच्या पोस्टबद्दल दम देत पैसे मागत असेल तर तो चोर आहे. कॉल कट करा, पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन करा.

खरी नोटीस आली तर मात्र टाळू नका. घरी सांगा, वकिलाला दाखवा, आणि त्यांना विचारल्याशिवाय घाईघाईत अकाउंट किंवा चॅट उडवू नका, पुरावा नष्ट केला असा वेगळाच आरोप यायचा. फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा. नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करणंही बंधनकारक आहे. नोटिशीवर कोणती कलमं लिहिलीत ती एकेक करून वाचा. त्यात आयटी अ‍ॅक्टचं ६६-ए असेल, तर श्रेया सिंघल खटल्याचा २४ मार्च २०१५ चा निकाल आणि ऑक्टोबर २०२२ चा आदेश, दोन्हीची प्रिंट काढून सोबत घेऊन जा.